लेसर प्रिंटर चालू होताना आत नेमकं काय तपासतो? सकाळी एरर, रात्री एकदम ओके

सेवाकेंद्र_यावल

नमस्कार मंडळी. माझं यावल तालुक्यात एका गावात सेवा केंद्र आहे, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डाचे फॉर्म, आणि सध्या रब्बीच्या पीक विम्याची गर्दी. प्रिंटर लेसरचा आहे, काळा-पांढरा, जुना मॉडेल पण दणकट, आतापर्यंत कधी दगा दिला नाही. गेल्या पंधरा दिवसांपासून असं होतंय की सकाळी नऊ-साडेनऊला बटण दाबलं की सगळे लाईट एकदा लागतात, मग घरघर होते, मग एक बारीक शिट्टीसारखा आवाज चढत जातो, मग थोडा वेळ शांत, आणि मग लाल लाईट आणि सर्व्हिस एरर. बंद करून परत चालू केला की परत तेच. तीन-चार वेळा असं केलं की कधी कधी आपोआप चालतो आणि मग दिवसभर चालतो, मधे फार वेळ रिकामा राहिला तर मात्र परत तोच प्रकार. रात्री आठनंतर लावला तर पहिल्याच झटक्यात रेडी.

तालुक्याच्या एका मेकॅनिकला दाखवला, त्याने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला आतलं सर्किटचं कार्ड गेलं, साडेचार हजार लागतील, जुनं कार्ड परत मिळणार नाही. आता साडेचार हजार म्हणजे माझ्यासाठी कमी नाहीत, आणि मला पटत पण नाही की कार्ड गेलं तर रात्री कसा चालतो. मला फक्त एवढं समजून घ्यायचंय की हा प्रिंटर चालू झाल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात आत काय काय तपासून बघतो, आणि माझा कुठल्या पायरीवर अडतोय. कोणी नीट सांगेल का? लोक सकाळी लांबून येतात, मळ्यातली कामं टाकून येतात, त्यांना परत पाठवायला जिवावर येतं.

टोनरवाला_भुसावळ

ताई, आधी एक काम करा, कार्ड बदलू नका. तुम्ही आवाज इतके छान सांगितलेत की अर्धं निदान तुम्हीच केलंय. बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी पॉवर सप्लाय जागा होतो. त्यातून दोन प्रकारची वीज निघते, एक बारीक, 3.3 आणि 5 व्होल्ट, ती कार्डावरच्या चिप आणि सेन्सरसाठी, आणि दुसरी 24 व्होल्ट, ती मोटर, क्लच, पंखा यांच्यासाठी. चिपला वीज मिळाली की ती स्वतःकडे बघते, म्हणजे रॉममधला प्रोग्रॅम शाबूत आहे का याची बेरीज करून आधीच्या बेरजेशी ताडून बघते, मेमरीत काहीतरी ठरावीक लिहून तेच परत वाचता येतं का बघते, मग छोट्या कायमच्या मेमरीतून सेटिंग आणि आतापर्यंत किती पानं छापली तो आकडा उचलते. सगळे लाईट एकदम लागतात ना, ते बहुतेक ह्याच वेळी, लाईट जळालेला नाही हे तुम्हाला दिसावं म्हणून. कार्ड खरोखर मेलेलं असेल तर प्रिंटर इथेच थांबतो, सगळे लाईट लागून तसेच राहतात नाहीतर काहीच लागत नाही, आणि आत काही फिरत नाही. तुमचा ही पायरी रोज पार करतो. म्हणून म्हटलं कार्ड बदलू नका.

मग कार्ड इंजिनला हाक मारतं. लेसर प्रिंटरमध्ये दोन मेंदू धरा, एक कॉम्प्युटरशी बोलणारं फॉर्मॅटर कार्ड आणि दुसरं आतल्या यंत्राला हलवणारं कंट्रोलर. कंट्रोलर आधी दार बंद आहे का बघतो, कार्ट्रिज बसलीय का बघतो, कागद जाण्याच्या रस्त्यावर जे छोटे काळे प्लास्टिकचे लीव्हर असतात त्यातला कुठला दाबलेला तर नाही ना बघतो. कागद नसताना जॅम दाखवतो तो ह्याच्यामुळेच, कागदाचा नखाएवढा तुकडा त्या लीव्हरखाली अडकलेला असतो आणि प्रिंटरला वाटतं अख्खं पान आत आहे.

मग मेन मोटर, ही तुमची घरघर. ड्रम फिरतो, रोलर फिरतात, मागच्या वेळचं चिकटलेलं टोनर झटकलं जातं. मोटर आपला वेग परत कळवते, ठरलेल्या वेगाला ठरलेल्या वेळात आली नाही तर एरर.

मग ती चढत जाणारी शिट्टी. तो आत लेसरच्या डब्यात बसवलेला बहुकोनी आरसा आहे, मिनिटाला हजारो फेऱ्या मारतो. तो वेगात आला की लेसर क्षणभर पेटतो आणि आरशावरून उडालेला किरण एका कोपऱ्यातल्या बारक्या सेन्सरवर पडतोय का हे बघितलं जातं. तो पडला नाही तर ओळ कुठून सुरू करायची तेच प्रिंटरला कळणार नाही, म्हणून इथे पण कडक तपासणी. तुमची शिट्टी पूर्ण चढते आणि एका सुरात स्थिर होते का मधेच खाली येते? ते ऐकून सांगा. स्थिर होत असेल तर लेसर पण पास धरायला हरकत नाही.

उरला फ्यूजर. टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, ती कागदावर वितळवून बसवायला 180 ते 200 डिग्रीच्या आसपास तापलेला रोलर लागतो. प्रिंटर हीटरला वीज देतो आणि थर्मिस्टर नावाच्या छोट्या सेन्सरकडून विचारत राहतो, किती झालं, किती झालं. ठरलेल्या सेकंदात तापमान ठरलेल्या पायरीपर्यंत चढलं नाही तर तो हीटर तोडतो आणि सरळ सर्व्हिस एरर देतो. तुमची "थोडा वेळ शांत आणि मग लाल" ही हुबेहूब ह्याच पायरीची लक्षणं आहेत. आणि तीन-चार वेळा चालू-बंद केल्यावर चालतो कारण दर वेळी रोलर थोडा थोडा तापून राहतो, चौथ्या वेळी तो आधीच कोमट असतो म्हणून वेळेत पोचतो. मधे रिकामा राहिला की झोपेच्या मोडमध्ये थंड होतो, मग परत तीच रड.

पायऱ्यांचा क्रम मॉडेलप्रमाणे इकडेतिकडे होतो, काहींमध्ये दोन-तीन गोष्टी एकदमच चालतात, पण ढोबळ चित्र हेच. आता प्रश्न एवढाच की हीटर कमजोर झाला, का सेन्सरवर टोनरचा थर बसला, का हीटरला पुरेशी वीजच पोचत नाही. रात्री ओके म्हणताय म्हणून माझा संशय तिसऱ्यावर आहे. सकाळी दुकानात व्होल्टेज किती असतं ते मोजा, प्रिंटर तापत असताना मोजा.

गुरुजी_शहादा

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या शाळेत टँकवाला इंकजेट आहे, तो पण चालू होताना दोन-तीन मिनिटं नुसता आवाज करत बसतो, त्यात पण असंच काही तपासणं असतं का? शिपाई रोज संध्याकाळी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करून जातो आणि मला वाटतं शाई लवकर संपतेय.

टोनरवाला_भुसावळ

गुरुजी, त्यात फ्यूजर नाही, पण तपासणं आहे. हेडची गाडी आधी एका टोकाला जाऊन आपलं घर शोधते, मग पूर्ण रुंदी चालून येते, मागे एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते तिच्यावरच्या बारीक रेघा मोजत मोजत. त्या पट्टीवर शाईचा किंवा ग्रीसचा डाग असला की गाडीला आपण कुठे आहोत तेच समजत नाही आणि ती कडेला जाऊन आपटते. पट्टी मऊ कपड्याने हलक्या हाताने पुसायची, ओढायची नाही.

आणि शिपायाला सांगा आधी प्रिंटरचंच बटण दाबून बंद करायचा, हेड घरात जाऊन रबराच्या टोपीवर बसेपर्यंत थांबायचं, मग भिंतीचं बटण. सरळ बोर्ड बंद केला आणि त्या वेळी हेड टोपीवर नसला तर तो उघडा राहतो, सुकतो, मग दुसऱ्या दिवशी चालू करताना प्रिंटर स्वतःला साफ करायला शाई ओढून खालच्या स्पंजात टाकतो. तुमची शाई तिथे जातेय.

जिनिंग_हिशोब

मी धरणगावकडे जिनिंगमध्ये हिशोबाला आहे, आमच्याकडे अजून डॉट मॅट्रिक्स चालतो कारण तीन कार्बन कॉप्या एकदम निघतात. ताईंचा प्रश्न वेगळा आहे पण चालू होतानाच्या तपासणीवरून आठवलं म्हणून लिहितो. सीझनमध्ये आमच्या ऑफिसात रुईचे तंतू हवेत तरंगत असतात, तुम्ही बसा अर्धा तास, शर्ट पांढरा होतो. मागच्या सीझनला प्रिंटर चालू केला की हेड डावीकडे जाऊन धाड धाड आपटायचं आणि सगळे लाईट लुकलुकायचे. नंतर कळलं की हेड चालू होताना डावीकडच्या एका सेन्सरला शोधतं, तो चिमट्यासारखा असतो, एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूने डोळा, हेडला लावलेली पट्टी मधे आली की उजेड अडतो आणि त्याला समजतं घर आलं. त्या चिमट्यात रुईचा बोळा बसला होता. ब्रशने काढला, झालं काम, एक रुपया लागला नाही.

आणि एक, डॉट मॅट्रिक्सवाल्यांना सांगून ठेवतो, एप्सनच्या एलएक्स 300 सारख्या मॉडेलला लाईन फीडचं बटण दाबून धरून पॉवर चालू केली की तो कॉम्प्युटरशिवाय स्वतःच अक्षरांच्या ओळी छापत बसतो. ते नीट आलं म्हणजे प्रिंटर चांगला, भानगड केबलमध्ये नाहीतर कॉम्प्युटरमध्ये. हे मला वेळेवर माहीत असतं तर दोन केबल कमी घेतल्या असत्या. लेसरला असं काही असतं का?

टोनरवाला_भुसावळ

असतं. बऱ्याच लेसरला पॅनेलवरचं बटण काही सेकंद धरलं की कॉन्फिगरेशनचं पान निघतं. ते फॉर्मॅटर कार्डच्या पोटातून येतं, म्हणजे ते निघालं तर कार्ड आणि इंजिन दोन्ही ठीक. काही जुन्या मॉडेलला बाजूला किंवा मागे एक बारीक भोक असतं, आत सुई घालून दाबलं की इंजिन टेस्ट, नुसत्या रेघांचं पान, त्यात फॉर्मॅटरचा संबंध नाही. रेघा येतात आणि कॉन्फिगरेशन येत नाही तरच कार्डाकडे बोट दाखवायचं. कोणी कार्ड बदलायला सांगितलं तर आधी हे दोन कागद मागा.

नेटकॅफे_पारोळा

ताई सोपा उपाय, इन्व्हर्टरवर लावून टाका प्रिंटर, व्होल्टेजची कटकटच नको. बॅटरीवर 220 स्थिर मिळतं.

टोनरवाला_भुसावळ

भाऊ, कृपा करून हा सल्ला देऊ नका. लेसर प्रिंटर तापताना 800 ते 1000 वॅटच्या घरात ओढतो, घरचा छोटा इन्व्हर्टर किंवा कॉम्प्युटरचा यूपीएस तेवढ्याने ओव्हरलोड होऊन बंद पडतो आणि सोबत कॉम्प्युटरही घेऊन जातो, चालू असलेला फॉर्म गेला. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये यूपीएसवर लेसर लावू नका असं लिहिलेलंच असतं.

सेवाकेंद्र_यावल

सगळ्यांचे आभार, भुसावळच्या दादांचे तर खूपच. शिट्टी पूर्ण चढते आणि एका सुरात राहते, नंतर मग थांबते. मोबाईलवर रेकॉर्ड करून दोनदा ऐकलं.

आणि व्होल्टेज मोजलं. माझा भाचा आयटीआयला आहे, तो मीटर घेऊन आला. आता ऐका, माझ्या केंद्राच्या शेजारी एक घर सोडून पिठाची गिरणी आहे, तिचा टाईम सकाळी नऊ ते बारा. गिरणी बंद असताना 226 व्होल्ट, प्रिंटर तापायला लागला की 213 होतं. गिरणी चालू असताना 181, आणि प्रिंटर तापायला लागला की 170. आम्ही तीनदा मोजलं, दळणाचा डबा रिकामा होऊन गिरणी थांबली की लगेच आकडा वर. गिरणी पण नवीन नाही, पण दिवाळीनंतर त्यांनी मोठी मोटर बसवली असं बाईंनी सांगितलं. माझा प्रिंटर पण तेव्हापासूनच रुसायला लागला, आणि त्यात ही थंडी, सकाळी हात गारठतात.

गिरणीवाल्या मावशींशी भांडण काढायचं नाही मला, माझं कळण्याचं दळण तिथेच जातं आणि त्यांचं पण पोट आहे. पण मग करायचं काय?

टोनरवाला_भुसावळ

सापडलं ताई. हीटरची ताकद व्होल्टेजबरोबर सरळ नाही पडत, त्याहून जास्त पडते, साधारण वर्गाच्या हिशोबाने. काही फ्यूजरमध्ये हीटर म्हणून हॅलोजनचा दिवा असतो, त्याला तो हिशोब तंतोतंत लागत नाही, पण 230 च्या जागी 170 आले तर उष्णता 55 ते 60 टक्क्यांच्या आसपास उरते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लेसरवर 220 ते 240, दहा टक्के कमी-जास्त असं लिहिलेलं असतं, म्हणजे खालची हद्द 198. त्याखाली तो अर्ध्या ताकदीच्या हीटरने थंड रोलर तापवायला निघतो, डिसेंबरच्या सकाळी तर तो रोलर अजून गार, आणि वेळ संपते. 213 वर रात्री आरामात पास होतो. कार्ड, लेसर, मोटर सगळं चांगलं आहे तुमचं.

लोक मला विचारतात की प्रिंटर जरा थांबला तर काय बिघडतं, दहा सेकंद जास्त घे की. तो थांबू शकत नाही. थर्मिस्टर हा तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि थंड असताना जास्त असतो. आता त्याची वायर तुटली तर प्रिंटरला काय दिसेल? प्रचंड रेझिस्टन्स, म्हणजे एकदम बर्फासारखा थंड रोलर. मग तो हीटर चालूच ठेवेल, चालूच ठेवेल, आणि खरा रोलर लाल होत जाईल. म्हणून कंपन्यांनी वेळेची मर्यादा घातली, वीज देऊनही तापमान चढताना दिसत नाही ना, मग काहीतरी चुकतंय, तोड. त्याच्यावर अजून एक थर्मल स्विच असतो, प्रोग्रॅम झोपला तरी तो स्वतः तुटतो. आत कागद आणि प्लास्टिक भरलेलं आहे, हे असायलाच पाहिजे. तुमचा प्रिंटर हट्ट करत नाहीये, त्याला फक्त कमी वीज आणि तुटलेली वायर यातला फरक कळत नाही.

म्हणून कोणीही तो सेन्सर शॉर्ट करून बघतो म्हणाला तर हात लावू देऊ नका. दाराचा स्विच पण दाबून धरून आत डोकवायचं नाही, लेसर डोळ्यांना दिसत नाही पण डोळा जाऊ शकतो.

वायरिंग_धुळे

ताई, जे शे ते सरळ सांगस. मी प्रिंटरवाला नाही, वायरमन आहे, वीस वर्षं घरगुती फिटिंग केली. तुमच्या आकड्यांत दोन वेगवेगळे आजार आहेत आणि दोन्ही पकडले पाहिजेत.

पहिला गिरणीचा, 226 वरून 181, तो लाईनवरचा, तुमच्या दुकानाबाहेरचा. बहुतेक तुमचं घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाईनच्या शेपटाला असणार, आणि गिरणीचा भार असलेल्या फेजवर, म्हणजे खांबावरच्या तीन चालू तारांपैकी त्याच तारेवर, तुमची सर्व्हिस वायर जोडलेली.

पण दुसरा तुमचा स्वतःचा आहे. प्रिंटर तापायला लागला की 181 चे 170, म्हणजे 11 व्होल्ट गायब. त्या व्होल्टेजला प्रिंटर साधारण अडीच-तीन अँपिअर ओढत असेल, म्हणजे मधे कुठेतरी चार ओहमच्या आसपास अडथळा. रात्री पण 226 चे 213 होतात, तोच अडथळा. एवढा अडथळा चांगल्या वायरीत असूच शकत नाही, हा ढिला किंवा जळलेला जोड आहे, बहुतेक न्यूट्रलचा. आणि त्या जोडात प्रिंटर तापताना पंचवीस-तीस वॅट जळताहेत, एका छोट्या जागी, टेपच्या आत. प्रिंटर राहू द्या बाजूला, आग लागायचं कारण आहे हे. पयले न्यूट्रल दखा. मेन बंद करून, जाणत्या माणसाकडून. मीटरच्या पुढचा जोड असेल तर तुम्ही बघू शकता, खांबावरचा किंवा मीटरच्या आधीचा असेल तर लाईनमनलाच बोलवा, स्वतः चढायचं नाही.

फेजचं पण लाईनमनला सांगा, आकडे कागदावर लिहून द्या, वेळेसकट. नुसतं "व्होल्टेज कमी येतं" म्हटलं तर कोणी हलत नाही, "सकाळी सव्वादहाला 181, गिरणी बंद झाल्यावर 226" म्हटलं की त्याला पण कळतं कुठे बघायचं. स्टॅबिलायझर शेवटचा उपाय, आणि घ्यायचाच तर 2 केव्हीएच्या खाली घेऊ नका, टीव्हीवाला छोटा चालणार नाही.

जिनिंग_हिशोब

वायरमन दादांनी सांगितलेलं मोजायचं कसं ते लिहून ठेवतोय, आमच्या ऑफिसात एसी लावला की ट्यूब मंद होते. उद्याच बघतो.

सेवाकेंद्र_यावल

पाच दिवसांनी लिहितेय, उशीर झाला, गर्दी होती.

भाचा आणि गावातले एक जुने वायरमन काका दोघांनी मेन बंद करून बघितलं. मीटरमधून निघणाऱ्या न्यूट्रलला काळ्या टेपने गुंडाळलेला जोड होता, मागच्या पावसाळ्यात भिंत ओली झाली तेव्हा कोणीतरी केलेला. टेप काढली तर आतली तार काळी-हिरवी पडलेली, इन्सुलेशन वितळून चिकटलेलं. मला खरंच धस्स झालं, त्याच भिंतीला लागून लोकांच्या अर्जांचे गठ्ठे ठेवलेत मी. तो तुकडा कापून नवीन वायर टाकली आणि टर्मिनलमध्ये घट्ट बसवली. आता प्रिंटर तापताना एक-दोन व्होल्टच कमी होतात.

पण गिरणी चालू असताना 181 होतंच, त्यामुळे सकाळी परत एरर आली. मग आकडे तारखेसकट लिहून अर्ज दिला, आणि लाईनमन दादांना मीटर लावून दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खांबावर माझी वायर दुसऱ्या फेजला घेतली. आता गिरणी चालू असताना 219.

काल सकाळी सव्वानऊला चालू केला. सगळे लाईट लागले, घरघर, शिट्टी चढली, मी श्वास धरून उभी, शांतता, आणि हिरवा लाईट. पहिल्याच वेळी. कॉन्फिगरेशनचं पान पण काढलं, त्यावर आतापर्यंतची पानं लिहून येतात, 1,12,640. ते पान भिंतीवर लावलंय, आणि खाली पेनने लिहिलंय की कुठल्या आवाजानंतर थांबला तर काय बघायचं, माझ्या मागे कोणी केंद्रावर बसलं तर त्याला कळावं म्हणून.

दादा, एकच राहिलं. शिट्टी थांबताना शेवटी एक "टक" असा आवाज येतो, पूर्वी कधी लक्ष दिलं नव्हतं. तो बरोबर आहे ना?

टोनरवाला_भुसावळ

बरोबर आहे ताई. ते कागद ओढणाऱ्या क्लचचं नाहीतर सोलेनॉइडचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्याचं, बसणं आहे. तो आवाज रोज येऊ द्या. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी पिकअपकडे, म्हणजे कागद उचलणाऱ्या भागाकडे, बघायचं.